काचेमागचं नाव

फार जुनी गोष्ट. समुद्रापलीकडे क्रोएशिया म्हणून मुलूख आहे, तिथल्या एका खेड्यात दारिंका नावाची बाई राहायची. ती काचेवर चित्रं काढायची. गाई, कोंबड्या, बर्फातली झाडं, सगळं.

त्या कामाची रीतच उलटी. काचेच्या मागून रंगवायचं आणि पुढून बघायचं. म्हणून जे चित्रात सगळ्यात पुढे दिसायला हवं, ते आधी काढायचं. आधी गाईचा डोळा, मग गाय, मग डोंगर, शेवटी आभाळ. आणि नाव तर डोळ्याच्याही आधी.

लग्न झालं तसा नवरा म्हणाला, "नाव माझं घाल. बाईच्या हातचं लोक जेवतात, भिंतीला लावत नाहीत."

घरात कटकट नको म्हणून दारिंकाने ऐकलं. दर काचेवर आधी त्याचं नाव, मग चित्र. केस हिचे पिकले, नावाजला तो.

एकदा राजाने नवऱ्याला दरबारात बोलावलं आणि समोर बसून गाय काढायला सांगितली. दारिंका मागे उभी.

बायको काम कसं करते, हे त्या बाबाने जन्मात बघितलं नव्हतं. त्याने निळा रंग घेतला आणि आधी अख्ख्या काचेला आभाळ फासलं. त्या आभाळावर त्याने गाय काढली. शिपायाने काच उचलून राजाकडे फिरवली.

नुसतं निळं.

"गाय कुठाय?" राणीने विचारलं. "चरायला गेली का?"

दारिंका पुढे झाली, दुसरी काच घेतली आणि आधी डोळा काढला. राजा काय समजायचं ते समजला. त्याने नवऱ्याला बाहेर काढलं आणि हुकूम सोडला, महालातल्या प्रत्येक चित्रावरचं त्याचं नाव काढून हिचं घाला.

आता दारिंकाच हबकली. इतकी वर्षं हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"ते व्हायचं नाही, महाराज," ती म्हणाली. "नाव सगळ्या रंगांच्या खाली आहे. ते खरवडायचं तर वरचं आभाळ जाईल, डोंगर जाईल, गवत जाईल. मीच लिहिलंय ते, माझ्या हाताने."

राजा तरी काय करणार?

ती चित्रं नवऱ्याच्याच नावाने महालात लटकत राहिली. दारिंका घरी आली, कोरी काच पुढ्यात घेतली आणि गाईच्या डोळ्याआधी स्वतःचं नाव लिहिलं.

आपल्या कष्टावर आपल्याच हाताने दुसऱ्याचं नाव घालू नका; मागून ते राजालाही पुसता येत नाही.