अळणी भाताची चौकशी

फिरंगी अमदानीत धर्मचौकशीला निनावी चुगलीही पुरेशी असे. अशाच एका चुगलीवरून नुकताच बाप्तिस्मा घेतलेली विधवा पास्कोला तीन दिवस न्यायालयाच्या बाकावर बसून थकली होती. नवऱ्याच्या वर्षश्राद्धाला तिने जुन्या हिंदू रीतीने, फर्मानाने बंदी घातलेला अळणी भात रांधला, असा आरोप होता. गुन्हा शाबीत झाल्यास घर जप्त होणार होते. फिरंगी न्यायाधीशाला तिची भाषा येत नसल्याने मध्ये दुभाषी लोरेन्सो होता.

“कबूल करून टाक, बाये,” लोरेन्सो म्हणाला. “साहेबांची जेवणाची वेळ झालीय.”

पास्कोलाने कष्टाने मान वर केली. “भात अळणी आहे हे बघून कळत नाही, लोरेन्सबाब, खाऊनच कळतं. आणि फर्मानात खाणाराही गुन्हेगार आहे. त्या दिवशी माझ्याकडे एकच पाहुणा जेवला. त्याचं नाव घेऊ? नावाला दुभाषी लागत नाही.”

लोरेन्सो घाईने न्यायाधीशाकडे वळला.

“ती म्हणते, भातात मीठ होतं. मलाही चुगलीच खोटी वाटते, साहेब.”

न्यायाधीशाने जांभई देत कागद बाजूला सारला.

पुढच्या वर्षश्राद्धालाही पास्कोलाने अळणी भातच रांधला. पान मात्र एकच वाढले.