काळ्या पट्ट्याचा वास

माझी शाळा आठवीत सुटली. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल तर सांभाळून घ्या. शब्दही साधेच आहेत, मला तेवढेच येतात.

“साडेसहा कोटी वर्षं म्हणजे किती, कल्पना तरी आहे का बाबा?”

डॉक्टर निरगुडकरांनी असं विचारलं, तेव्हा उमेदगिरी बाबा धुनीपाशी बसून गुडघे चोळत होते.

“नाही,” बाबा म्हणाले. “मला माझंच वय नीट माहीत नाही.”

डॉक्टर म्हणजे औषधाचे नव्हेत, खडकांचे. आमच्या मठामागे नदीची दरड आहे. तिथे खडकाच्या दोन थरांमध्ये चार बोटं जाडीचा काळ्या मातीचा पट्टा दिसतो. डॉक्टरांचं म्हणणं, साडेसहा कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीवरचे बहुतेक जीव मेले, हा पट्टा त्या वेळचा. मागच्या महिन्यात त्यांनी तिथली माती नेऊन यंत्रात घातली होती.

“हायड्रोकार्बन निघाले! म्हणजे त्या मेलेल्या जीवांचं तेल म्हणा. आजवर टिकून राहिलेलं. सोमवारी मी हे परिषदेत जाहीर करणार. भलेभले तोंडात बोटं घालतील.”

बाबा गुडघे चोळत राहिले.

“आणि लोक कौतुक कशाचं करतात? तर तुमच्या या धुनीचं. दोनशे वर्षं विझली नाही म्हणे. दोनशे! माझ्या लेखी ते काल दुपारचं जेवण.”

मी मान खाली घातली. धुनी राखणं हे मठात माझं एकुलतं एक काम.

डॉक्टरांनी पिशवीतून मातीची पुडी काढली. “आता आशीर्वाद तेवढा द्या.”

बाबांनी पुडी नाकाशी नेली. बराच वेळ हुंगली. मग माझ्यापुढे धरली.

“वास घे.”

मी घेतला...

“प्रलयाचा वास आहे तो!” डॉक्टर म्हणाले.

वास माझ्या ओळखीचा होता. पहाटे माझा डोळा लागतो आणि धुनी विझते. कुणी उठायच्या आत ती पेटवायला मी एक डबा लपवला होता. दरडीच्या कपारीत, नेमका त्या काळ्या पट्ट्यावर. डबा गळका होता. बोललो तर मठ सुटणार, आणि घरी माझी कुणी वाट बघत नव्हतं. गप्प बसलो तर सोमवारी या माणसाचं हसं होणार.

“साहेब,” मी म्हणालो, “ते रॉकेल आहे.”

डॉक्टरांनी पुडी हुंगली. चष्मा काढून पुन्हा हुंगली.

“कुणी सांडलं?”

“मी. धुनी... कधीकधी विझते.”

“कधीकधी?” बाबांनी विचारलं.

“आठवड्यातून चारदा.”

डॉक्टर मटकन खाली बसले.

“डॉक्टर,” बाबा म्हणाले, “रॉकेल कशाचं करतात?”

“खनिज तेलाचं.”

“आणि ते?”

“ते... समुद्रातल्या बारीक जीवांचं. कोट्यवधी वर्षांपूर्वी मेलेल्या.”

“मग तुमचं यंत्र खोटं कुठे बोललं?”

डॉक्टर पुडीची घडी घालू लागले.

“यंत्र बरोबर होतं. मी पत्ता चुकलो.”

“दरडीचा सांगत होता,” बाबा म्हणाले, “रेशनच्या दुकानाचा निघाला.”

डॉक्टर आधी रागावले, मग हसत सुटले. त्यांनी सोमवारचं भाषण रद्द केलं. जिथे माझा डबा कधी गेला नाही अशी जागा दाखव म्हणाले. मी दरडीचं पार पलीकडचं टोक दाखवलं आणि डबाही त्यांच्या हवाली केला.

बाबा माझ्याशी दिवसभर बोलले नाहीत. मी वळकटी बांधून ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुनी पुन्हा विझलेली. दर्शनाला माणसं आली होती. मी सगळ्यांदेखत राख उकरली, वाळकी गोवरी कुस्करली, काडी ओढली. “अगं बाई, ही तर विझलीय!” कुणीतरी म्हणालं. फुंकून फुंकून माझे डोळे लाल झाले. सात काड्या गेल्या, नुसता धूर.

बाबा आले. शेजारी उकिडवे बसले. गोवरी जराशी तिरकी केली, हाताचा आडोसा धरला आणि एकच फुंकर घातली. भपकन जाळ झाला.

“वळकटी सोड,” बाबा म्हणाले. “दोनशे वर्षं सगळेच जागे राहिले, असं वाटलं होय तुला?”