मागची जागा

चिपळूणची मृण्मयी खातू जनावरांची डॉक्टर. मोटरसायकलवरून ती घाटातल्या गावांत फिरायची आणि सासूबाई इंदिराबाई हौसेने मागे बसायच्या. एकदा एबीएसचा, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा, बिघाड दाखवणारा दिवा विझेचना. त्या दिवशी उतारावर ब्रेक दाबताच पुढचं चाक जाम झालं आणि दोघी पडता पडता वाचल्या.

शोरूमच्या मॅनेजरसाहेबांनी गाडीकडे धड पाहिलंही नाही. "गाडी उत्तम आहे. दिवा उगाच लागतो, तिकडे लक्ष देऊ नका. तुम्ही बायका ब्रेकच जोरात दाबता!"

मृण्मयी संतापाने लाल झाली. इंदिराबाईंनी मात्र आपलं हेल्मेट शांतपणे साहेबांच्या हातात ठेवलं. "मग आज माझ्या जागी तुम्ही बसा. ही कुंभार्ली घाट उतरेल आणि प्रत्येक वळणावर जोरात ब्रेक दाबेल."

"अहो, तो दिवा लागलेला असताना?" साहेब बोलून गेले.

"तिकडे लक्ष देऊ नका!"

शोरूममध्ये हशा पिकला. साहेबांनी मुकाट्याने गाडी तपासायला घेतली. पुढच्या चाकाच्या सेन्सरची वायर तुटलेली निघाली, ती तिथल्या तिथे बदलून मिळाली.

निघताना एका गिऱ्हाइकाने विचारलं, "या आजी कोण हो?"

मृण्मयी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "माझ्या सासूबाई!"