गुणाजी बेडकाची अंडी

फार जुनी गोष्ट आहे, म्हणजे बादल्या प्लास्टिकच्या झाल्या त्यानंतरची. एका तळ्यात गुणाजी नावाचा बेडूक राहायचा. त्याचा आवाज असा भारदस्त, की पलीकडच्या काठावरच्या बेडक्यासुद्धा लाजायच्या. हल्ली मात्र तो आवाज बसला होता, आणि एके सकाळी गुणाजीने चक्क अंडी घातली.

"अहो, हे काय?" त्याची बायको सरू ओरडली.

"मला काय विचारतेस? मीच गोंधळलोय!"

म्हातारा खेकडा चौकशीला आला. शेजारीच फुटक्या प्लास्टिकच्या बादलीचा एक तुकडा तरंगत होता.

"पाण्यात काय सोडलंस रे?" खेकड्याने तुकड्याला दरडावलं.

"मी? मी तर विरघळतच नाही. बघा, जसाच्या तसा आहे."

खेकड्याने त्याला नांगीत धरून वाकवलं. तो कटकन मोडला.

"आधी तर छान वाकायचास. तुझा मऊपणा कुठे गेला?"

"मऊपणाचं रसायन ना? ते पाण्यात उतरलं असेल," दोन्ही तुकडे एकदम म्हणाले. "पण आम्ही इथेच आहोत ना!"

"आणि पाण्यातून गुणाजीच्या अंगात!" खेकडा म्हणाला. गुणाजी त्याच पाण्यातल्या अंड्यांकडे बघत राहिला.

"सरू, यातून पोरं निघतील की पोरी?"

"निघू तर देत आधी," सरू हळूच म्हणाली.