चौथी फेरी

अकोल्याच्या एका क्लबात बॉक्सिंगचे शौकीन दर रविवारी जुन्या लढतीचा व्हिडिओ लावून फेरीगणिक गुण लिहीत. अध्यक्ष इंगोलेसाहेब मात्र इतरांचे कागद फाडून टाकत. "यापुढे फक्त माझेच गुण धरायचे," त्यांनी त्या दिवशी बजावलं.

व्हिडिओ लावण्याचं काम सुलभाताईंकडे होतं; त्यांनी लढत सुरू केली.

साहेबांनी तिसरी फेरी लाल ग्लोव्हजवाल्याला दिली आणि चौथी निळ्याला. "निळ्याने चुका कशा सुधारल्या, बघितलं? हे दिसायला नजर लागते."

"साहेब, चौथी फेरी अजून लावलीच नाही," सुलभाताई म्हणाल्या. "मी तिसरीच पुन्हा दाखवली. निळा होता तसाच आहे, सुधारलात ते तुम्ही. आणखी एकदा लावू?"

हॉलभर हशा पिकला. साहेबही हसले आणि फाडलेले कागद चिकटवायला बसले.