सणगरांचे सोळा माग

“पण बाबा, खरं सांगितलं असतं तर मला काय उरलं असतं?”

मल्लिनाथशेट तावातावानं विचारत होता. दस्तगीरबाबा पिराच्या ओट्यावर डाळिंब सोलत बसले होते. फकिरी घेण्याआधी त्यांनी वीस वर्षं जनावरांच्या बाजारात दलाली केलेली. व्यापारी दारात आला की त्याला उपदेश नको असतो, सवलत हवी असते, हे ते जाणून होते.

“काय खरं?”

गोष्ट अशी. शेट गावच्या सणगर विणकरांकडून घोंगडी घ्यायचा आणि बंगळूरला विकायचा. तिथं काय खपतं, हे गावात त्याला एकट्यालाच ठाऊक. तिकडं लोक बसायला आसनं मागायचे. अरुंद, निखळ काळ्या लोकरीची. मोल तिप्पट द्यायचे. शेट गावात आला की तायाप्पा सणगरापुढं तोंड पाडायचा.

“घोंगड्याला आता कुत्रं विचारत नाही, तायाप्पा. तू म्हणून घेतो.”

बारा वर्षं हेच.

यंदा पाचशे आसनांची मागणी आली. मुदत दोन महिन्यांची. शेटनं छाती ठोकून शब्द दिला आणि सणगर गल्ली गाठली.

सोळा माग होते. एकही उरला नव्हता. तायाप्पानं मागाचा खड्डा बुजवून वर फरशी घातली होती. तो साखर कारखान्यावर पाळीला निघाला होता.

“शेट, तुम्हीच म्हणालात ना, कुत्रं विचारत नाही? घातला माग चुलीत. लाकूड चांगलं होतं हो... दोन महिने जळण पुरलं.”

बाबांनी सगळं ऐकून घेतलं.

“आसनं खपतात, हे त्याला कळलं असतं तर?”

“तर दुसरा माग टाकला असता त्यानं! पोराला हाताशी घेतलं असतं. उद्या तोच बंगळूरला गेला असता, बाबा!”

“आणि तू?”

शेटनं विषय बदलला.

“जन्मात शब्द मोडला नाही मी. काहीतरी तोड सांगा. अन् धंद्यात झाकली मूठ सव्वा लाखाची, हे तुम्हाला मी सांगायचं?”

बाबांनी हात पुसले. खांद्यावरचा रुमाल काढून आपल्या हातावर टाकला आणि हात पुढं केला. जनावरांच्या बाजारात सौदा असाच होतो. रुमालाखाली एकमेकांची बोटं धरायची, आकडा बोटांनीच सांगायचा, शेजारच्याला पत्ता लागू द्यायचा नाही.

शेटचे डोळे चमकले. बाबांना ठाऊक असणार! कुठल्यातरी गावात माग चालू असतील, तेच गुपचूप सांगणार. त्यानं झटकन हात आत घातला.

बाबांनी आपला हात हळूच काढून घेतला.

रुमालाखाली शेटचा एकट्याचा हात राहिला.

“बाबा...?”

“बघ, कुणाला कळलं नाही. कर आता सौदा.”