सारजाची लाल भिंत

आपल्या आजोबांच्या आजोबांनाही आठवत नसेल, इतक्या जुन्या काळची ही गोष्ट. लहानांनी ऐकावी, आणि मोठ्यांनी जरा अधिक कान देऊन ऐकावी.

एका डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. डोंगरात गेरू मुबलक मिळे, म्हणून गावातली घरं लालभडक असत. पण गावाचा एक रिवाज होता. ज्या घरातली बाई विधवा होई, त्या घराचा लाल रंग खरवडून टाकायचा आणि भिंतींना पांढरी माती फासायची. का, ते कुणी विचारत नसे. सकाळी कामाला निघालेली माणसं अशा घरासमोरून जाताना तोंड फिरवत.

त्या गावात सारजा राहत होती. गेरू कालवण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. ती गेरू कुटून वस्त्रगाळ करी, डिंकाच्या पाण्यात भिजवी, आणि तिने रंगवलेल्या भिंतीचा रंग दोन पावसाळे उडत नसे. लग्नघर असलं की पहिलं बोलावणं सारजाला असायचं.

एके वर्षी तिचा नवरा मध काढायला गेला आणि कड्यावरून कोसळला. तेराव्या दिवशी गावकऱ्यांनी तिची भिंत खरवडली. सारजा दुःखाने इतकी खचली होती की तिने त्यांना अडवलं नाही. वर्ष असंच गेलं.

मग एक दिवस तिची सात वर्षांची लेक रडत घरी आली. पांढऱ्या घरातली म्हणून मैत्रिणींच्या आयांनी तिला खेळातून उठवलं होतं. सारजाने लेकीचे डोळे पुसले, टोपली उचलली आणि ती सरळ डोंगराकडे चालू लागली.

चौथ्या दिवशी गाव जागं झालं, तेव्हा सारजाचं घर उंबऱ्यापासून वळचणीपर्यंत लाल होतं.

पाटील पंचांना घेऊन आला. त्याने माणसांकरवी भिंतीवर चुना फासला. ते गेले आणि सारजाने पुन्हा गेरू लावला. मग पाटलाने तिला विहीर बंद केली. सारजा अर्ध्या कोसावरच्या ओढ्यावरून पाणी आणू लागली, पण त्या पाण्यातूनही गेरू भिजवण्यापुरतं ती बाजूला ठेवी. गावावर संकट येणार, असं पंच सांगत फिरले. कुणाचं वासरू लंगडलं तरी लोक सारजाच्या भिंतीकडे बोट दाखवत. पाऊस मात्र वेळेवर आला, पीकही बरं आलं. बोट दाखवणारे हळूहळू गप्प झाले.

पाटलाचा राग काही गेला नाही. चुन्याची घागर घेऊन तो पुन्हा आला. सगळं गाव गोळा झालं.

"सारजे, किती दिवस हट्ट करशील?" त्याने विचारलं.

"डोंगर मोठा आहे, पाटील," सारजा म्हणाली. "तुमचा चुना आधी संपेल. माझा नवरा मेला, त्याचं दुःख माझ्या काळजात आहे. ते भिंतीवर लिहून मला गावाला दाखवायचं नाही."

पाटलाने माणसांना खूण केली. तेवढ्यात गर्दी बाजूला झाली. काठी टेकत एक म्हातारी पुढे आली. ती पाटलाची आई होती. पाटलाचा वाडा मानाचा म्हणून पुढून लालच ठेवला होता, पण त्याच वाड्यातल्या मागच्या पांढऱ्या खोलीत तिने चाळीस वर्षं काढली होती.

"सारजे," म्हातारी म्हणाली, "उद्या ये आणि माझी खोली लाल करून दे."

मग ती लेकाकडे वळली. "तूही ये, बाळा. चुना घेऊन ये. पण माझ्या भिंतीवर कुंचा तू स्वतःच्या हाताने मार."

पाटलाने आईकडे पाहिलं. चाळीस वर्षांत तिने त्याच्याकडे काही मागितलं नव्हतं. त्याने घागर खाली ठेवली आणि मान खाली घालून तो निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सारजाने ती खोली रंगवली. म्हातारीने ओल्या गेरूत तळवा बुडवून भिंतीवर उमटवला आणि कितीतरी वेळ ती त्या ठशाकडे बघत बसली. पाटील दाराबाहेर उभा होता. तो आत आला नाही, पण त्याने अडवलंही नाही.

तिथून निघालेली सारजा थेट गावच्या विहिरीवर गेली. तिने कुणाची परवानगी मागितली नाही. तिने पोहरा आत सोडला, आणि काठावरच्या बायांनी सरकून तिला जागा दिली. महिन्याभरात गावातली उरलेली चारही पांढरी घरं लाल झाली, आणि त्यानंतर त्या गावात कुणाची भिंत खरवडली गेली नाही.

तात्पर्य: रीत जुनी आहे म्हणून न्यायाची ठरत नाही, आणि ती मोडायला आधी कुणाला तरी एकट्याने उभं राहावं लागतं.